सैतानाचा डोह, निळा मासा

लास वेगासपासून दोनेक तासांवर, मोजावे वाळवंटात पाण्याने भरलेली एक भेग आहे. तिच्यात राहणारा इंचभर लांबीचा मासा जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्याच्यापायी एका बड्या रँचचे पंप थांबले, प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि पुढे एक आख्खं शहर कागदावरच राहिलं.

ऑनसाइटला जाऊन आलेल्या कुठल्याही मित्राचा अल्बम उघडा, त्यात वेगास असतंच. नाचणारी कारंजी, नकली आयफेल टॉवर, मध्यरात्री हाणलेला बफे. कुणी जास्तच उत्साही असेल तर गाडी काढून डेथ व्हॅलीपर्यंतही जाऊन येतो. या दोन ठिकाणांच्या मध्ये, पारम्प नावाच्या गावाच्या पुढे, अॅश मेडोजकडे जाणारा फाटा फुटतो. बहुतेक गाड्या तिथे वळतच नाहीत. वळलंच तर कच्चा रस्ता, पांढुरकी धूळ आणि चुनखडीची एक उघडीबोडकी टेकडी. टेकडीच्या कुशीत उंच जाळीचं कुंपण, वर काटेरी तार, आत कॅमेरे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, मिलिटरीचं काहीतरी गुपित दिसतंय! आणि तसं वाटलं तर नवलही नाही; अमेरिकेने अणुबॉम्बच्या चाचण्या घेतल्या ती जागा इथून फार लांब नाही.

कुंपणाच्या आत आहे तो मात्र एक पाण्याचा डोह. नाव डेव्हिल्स होल.

टेकडीला पडलेल्या भेगेच्या काठावर उभं राहिलं की साधारण पन्नास फूट खाली पाणी दिसतं. पाण्याचा आकार जवळजवळ आपल्या लोकलच्या एका डब्याएवढा, लांबीला सत्तरेक फूट आणि रुंदीला दहा-बारा. खोली? ती कुणालाच माहीत नाही. पाणबुडे १३० मीटरपेक्षा खाली जाऊन आलेत, तळ दिसलेला नाही. पाणी बारा महिने ३३-३४ अंशांवर, म्हणजे गिझर नुकता बंद केलेल्या बादलीसारखं कोमट. त्यात विरघळलेला ऑक्सिजन इतका कमी की बहुतेक मासे त्यात तग धरणार नाहीत. हिवाळ्यात काही आठवडे तर या पाण्याला ऊन शिवतही नाही.

भेगेच्या एका टोकाला, पाण्याखाली थोड्याच अंतरावर, एक दगडी ओटा आहे. एखाद्या वन बीएचकेच्या बेडरूमएवढा. ऊन पडतं ते इथे, शेवाळ वाढतं ते इथे. आणि डेव्हिल्स होल पपफिश नावाचा मासा अंडी घालतो तोही मुख्यतः इथेच. नर झळाळत्या निळ्या रंगाचा, मादी जरा मळकट. लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, आयुष्य सुमारे वर्षभराचं. पोटाखालचे जे पर इतर पपफिशना असतात ते याला नाहीत. या आख्ख्या जातीचा स्वयंपाक, संसार आणि बाळंतपण त्या एका ओट्यावर चालतं. पाठीचा कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याचं एवढं छोटं घर दुसरं माहीत नाही.

हा मासा इथे आला कधी, यावर शास्त्रज्ञांची अजून जुंपलेली आहे. भेगेचं छत कोसळून ती आभाळाला खुली झाली त्याला सुमारे ६० हजार वर्षं झाली. हिमयुग संपताना इथली तळी-ओढे आटले आणि मासे अडकले, म्हणजे दहा-वीस हजार वर्षं तरी झाली, असं बरीच वर्षं मानलं जायचं. पुढे जनुकांच्या अभ्यासातून कुणी हा काळ काही शतकांवर आणला, कुणी पुन्हा मागे नेला. पाणी मात्र नक्की म्हातारं आहे. दूरच्या डोंगरांवर पडलेला पाऊस आणि बर्फ खडकांतून झिरपत, हजारो वर्षं जमिनीखालून वाट काढत इथे येतो. डोहाच्या भिंतींवर त्या पाण्यातल्या चुन्याचे थर चढलेत. तिथून काढलेल्या ३६ सेंटिमीटरच्या एका तुकड्यात पाच लाख वर्षांच्या हवामानाची नोंद मिळाली. १९९२ मध्ये ती छापून आली तेव्हा हिमयुगांच्या रूढ वेळापत्रकाला तिने चांगलाच धक्का दिला.

आंघोळ, पाणबुडे आणि मॅन्सन

डोहाच्या आसपासच्या या सगळ्या मुलखाचं नाव अॅश मेडोज. वाळवंटाच्या मधोमध झरेच झरे. मिनिटाला ३८ हजार लिटरच्या आसपास पाणी इथे आपसूक वर येतं. सदर्न पायूट आणि टिंबिशा शोशोनी लोक पिढ्यान्‌पिढ्या या झऱ्यांच्या काठी राहिले, मका-भोपळा लावत, मेस्कीटच्या शेंगा दळून खात. त्यांच्यासाठी हे वाळवंट ओसाड कधीच नव्हतं. १८४९ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या मागे निघालेली एक टोळी रस्ता चुकून इथे पोचली. तिच्यातल्या लुई नुसबाउमर नावाच्या जर्मनाने या कोमट डोहात आंघोळ केली आणि डायरीत तशी नोंदही केली. लेखी इतिहासातला डेव्हिल्स होलचा हा पहिला पाहुणा. 

माशाला शास्त्रीय नाव मिळालं १९३० मध्ये. सिप्रिनोडॉन डायबोलिस, म्हणजे नावातसुद्धा सैतान! मग कार्ल हब्ज नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने हा डोह राखून ठेवा म्हणून सरकारचा पिच्छा पुरवला. १७ जानेवारी १९५२ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी डोह आणि भोवतालची ४० एकर जमीन डेथ व्हॅली नॅशनल मॉन्युमेंटला जोडली. जाहीरनाम्यात भूगर्भातल्या या अनोख्या तळ्याचा आणि त्यातल्या माशांचा स्पष्ट उल्लेख होता. तेव्हा ही दोन ओळींची सरकारी औपचारिकता वाटली असणार. चोवीस वर्षांनी त्याच ओळींवर सुप्रीम कोर्टाचा निकाल उभा राहिला.

मधल्या काळात डोहाची ख्याती भलत्याच लोकांपर्यंत पोचली होती. १९६५ मध्ये दोन तरुण पाणबुडे आत उतरले ते परत आलेच नाहीत. त्यांचे मृतदेहही सापडले नाहीत. १९६९ मध्ये हॉलीवूड हादरवणारे खून घडवणारा चार्ल्स मॅन्सन डेथ व्हॅलीत तळ ठोकून होता. जगबुडीच्या वेळी आपल्या टोळीने लपायचं ते भूमिगत जग याच बिळातून गाठायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. टूरिस्टांना या गोष्टी फार आवडतात. खरा थरार मात्र त्याच सुमाराला चार किलोमीटरवर सुरू झाला होता, आणि त्याचा आवाज साध्या पंपाचा होता.

१९६८: बटण दाबलं, पाणी उतरलं

कापर्ट कुटुंबाची रँच बारा हजार एकरांची. त्यातल्या चार हजार एकरांवर गवत, अल्फाल्फा, गहू आणि बार्ली. सतराशे-अठराशे गुरं, ७० लाख डॉलर्सहून जास्त गुंतवणूक, ऐंशीहून अधिक माणसांना पगार. वाळवंटात हे सगळं उभं करायचं तर पाणी हवं, आणि पाणी तर पायाखालीच होतं. १९६८ मध्ये त्यांनी बोअर मारून उपसा सुरू केला. ते काही चोर नव्हते. त्या भागात भूजल उपसणारे ते पहिलेच होते. पुढे त्यांनी राज्याकडे रीतसर परवान्याचे अर्ज केले तेव्हा केंद्राने हरकत घेतली, तरी राज्याच्या अधिकाऱ्याने ते मंजूर केले.

आता एका वॉशरबद्दल. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९६२ मध्ये डोहाच्या भिंतीत तांब्याचा एक वॉशर ठोकला होता. नळाला लावतो तसाच, साधा. पाणी त्या खुणेच्या किती खाली आहे, एवढंच मोजायचं. १९६८ पर्यंत आकडा जवळजवळ हलत नव्हता: १.२ फूट. १९६९ मध्ये तो २.३ झाला. १९७० मध्ये ३.१७. १९७१ मध्ये ३.४८. १९७२ मध्ये ३.९३.

चार वर्षांत पावणेतीन फूट. एवढ्या अथांग डोहात पावणेतीन फुटांनी काय होतं? इथेच सगळी मेख आहे. पाणी खुणेच्या तीन फुटांपेक्षा खाली गेलं की तो दगडी ओटा उघडा पडायला लागतो. ओटा उघडा म्हणजे शेवाळ नाही, अंडी नाहीत. आणि वर्षभर जगणाऱ्या माशाचा एक हंगाम वाया गेला की पुढची पिढीच येत नाही. खाली शंभर मीटर पाणी शिल्लक असून उपयोग शून्य.

शेजाऱ्याने बोअर मारली की आपल्या विहिरीचं पाणी उतरतं, हे आपल्याकडे गावातल्या कुठल्याही आजीला ठाऊक असतं. अमेरिकेच्या कायद्याला ते पटवून द्यायला मात्र बराच घाम गाळावा लागला. चाळीस एकरांना कुंपण घालता येतं, त्यांच्याखालच्या पाण्याला कसं घालणार?

ऑगस्ट १९७१ मध्ये केंद्र सरकारने कापर्ट कुटुंबाला कोर्टात खेचलं. नेवाडात वातावरण तापलं. गाड्यांच्या मागे स्टिकर लागले, एका बाजूला ‘पपफिश वाचवा’, दुसऱ्या बाजूला ‘पपफिश मारा’. माशापायी माणसांच्या नोकऱ्या घालवणार का, हा त्यांचा प्रश्न, आणि ऐंशी जणांच्या पगाराचा विचार केला तर तो अगदीच फालतू नव्हता. कॅलिफोर्नियाच्या मत्स्य खात्यातले फिल पिस्टर यांना तर लोक कायम विचारायचे, पपफिशचा उपयोग काय? त्यांचं ठरलेलं उत्तर होतं उलट प्रश्नाचं: तुमचा काय उपयोग? पिस्टर यांना हे बोलायचा हक्क होता. १९६९ मध्ये ओवेन्स पपफिश नावाच्या दुसऱ्या एका जातीचं शेवटचं डबकं आटत असताना ते मासे बादल्यांत भरून दुसऱ्या पाण्यात नेणारे तेच. काही काळ एक आख्खी जात त्यांच्या दोन हातांतल्या दोन बादल्यांत होती!

खालच्या कोर्टांनी उपशावर मर्यादा घातली. कापर्ट कुटुंब आणि त्यांच्या बाजूने नेवाडा राज्य सुप्रीम कोर्टात गेलं. राज्याचं म्हणणं असं की इथलं पाणी राज्याच्या अखत्यारीत, केंद्रालाही हवं असेल तर त्याने आमच्याकडे अर्ज करावा. ७ जून १९७६ रोजी निकाल लागला, एकमताने. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलेला.

गंमत म्हणजे मासा १९६७ पासून धोक्यातल्या जातींच्या यादीत होता आणि १९७३ मध्ये त्या जातींसाठी कडक कायदाही आला होता, पण निकाल त्यावर नव्हता. तो होता पाण्याच्या रांगेवर. अमेरिकेच्या पश्चिम भागात पाण्याचा हिशेब रेशनच्या रांगेसारखा चालतो: जो आधी आला त्याचा नंबर आधी. आणि १९०८ सालचा एक जुना निकाल सांगत होता, की केंद्राने एखादी जमीन विशिष्ट कामासाठी राखून ठेवली, की त्या कामापुरतं पाणीही आपोआप राखून ठेवलं जातं. डोह राखला १९५२ मध्ये. पंप सुरू झाले १९६८ मध्ये. म्हणजे रांगेत मासा सोळा वर्षं पुढे! आणि पाणी नदीतून वळवलं काय किंवा बोअरने खालून ओढलं काय, डोहाचं नुकसान सारखंच, असं कोर्टाने सांगितलं. मात्र सगळं पाणी माशाचं असंही म्हटलं नाही. ओट्यापुरतं, डोहाचं महत्त्व टिकेल एवढंच.

किती ते वॉशरने ठरवलं. १९७७ मध्ये पातळी नक्की झाली: पाणी खुणेच्या २.७ फुटांखाली जाता कामा नये. फुटाच्या दशांशात लिहिलेला न्याय!

गोल्फ कोर्स आणि घरं, मग काहीच नाही

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पाण्याला कात्री लागल्यावर कापर्ट कुटुंबाने जमीन विकली, आणि घेतली ती एका डेव्हलपरने. प्रोजेक्टचं नाव काल्वाडा लेक्स. हजारो प्लॉट, घरं, हॉटेल, दुकानं. कोर्टाने डोहाची पातळी राखली होती, बाकी झऱ्यांना कुणी वाली नव्हता. बुलडोझर फिरले, ओढे सिमेंटच्या पाटांत वळवले गेले. त्याआधीच १९६० च्या दशकात पीट खणून काढण्यासाठी इथली मोठी पाणथळ कोरडी केली होती. बाहेरून आणून सोडलेले बुलफ्रॉग आणि झिंगे स्थानिक जीव फस्त करत होते. अॅश मेडोज पूलफिश नावाचा मासा १९४८ नंतर कुणाला दिसलाच नाही. त्याच्यासाठी कुणी खटला लढला नव्हता.

१९८२ मध्ये इथल्या आणखी दोन माशांना सरकारने तातडीने संरक्षण दिलं आणि काल्वाडा लेक्सचं गणित फिसकटलं. नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेने डेव्हलपरकडून साडेबारा हजार एकरांच्या आसपास जमीन विकत घेतली आणि सरकारच्या हवाली केली. १८ जून १९८४ रोजी अॅश मेडोज राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य अस्तित्वात आलं. आज ते २३ हजार एकरांहून मोठं आहे, आणि जगात दुसरीकडे कुठेच न सापडणाऱ्या किमान दोन डझन वनस्पती आणि प्राणी तिथे आहेत. पाट फोडून ओढे पुन्हा जुन्या वाटांनी सोडले गेले. डोह स्वतः मात्र कागदोपत्री आजही डेथ व्हॅलीचाच भाग आहे.

पुढे २००८ मध्ये नेवाडाने आणखी एक पाऊल उचललं. डेव्हिल्स होलपासून २५ मैलांच्या आत भूजलाच्या नव्या परवान्यांवर, काही अपवाद सोडून, बंदी. ज्या राज्याने मासा हरावा म्हणून केस लढवली, त्याच राज्याने! तरीही पाणी १९६८ च्या आधीच्या पातळीला अजून पोचलेलं नाही. आणि पाण्यावर नजर ठेवणारे नवेनवे येतच असतात. २०२३ मध्ये अभयारण्याच्या सीमेजवळ लिथियम शोधायला बोअर मारण्याचा बेत होता. ज्या बॅटऱ्यांवर आपले मोबाइल चालतात तेच लिथियम. पर्यावरणवाद्यांनी कोर्टात धाव घेतली आणि जुलैमध्ये सरकारने हिरवा कंदील मागे घेतला.

मोजणी

वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, पाणबुडे डोहात उतरून मासे मोजतात. एक गट खोलवर जाऊन वर येताना मोजतो, दुसरा त्याच वेळी ओट्यावर. चांगल्या दिवसांत शरदातला आकडा चार-पाचशेपर्यंत जायचा. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तो घसरू लागला, पाण्याची पातळी शाबूत असतानाही. एकच एक कारण आजवर कुणाला सापडलेलं नाही. २००४ मध्ये तर संशोधकांचीच उपकरणं नडली. पिल्लं पकडायचे सापळे काठावर रचून ठेवले होते, अचानक पूर आला, सापळे वाहून पाण्यात पडले आणि ऐंशीच्या आसपास मासे मेले. २००६ मध्ये वसंतातली गणती ३८. २०१३ मध्ये ३५. आपल्या ऑफिसच्या एका फ्लोअरवर याहून जास्त माणसं असतात.

मग टाकी बांधली. डोहापासून जवळच, एक लाख गॅलनची, आत ओट्याची हुबेहूब नक्कल, तेच तापमान, तसाच कमी ऑक्सिजन. डोहातून अंडी आणून तिथे मासे वाढवले. सगळं जमलं असं वाटत असताना कळलं की डोहातून आलेला एक चिमुकला भुंगा टाकीत माजलाय आणि अंडीच खातोय. डोहातही तो आहे, पण तिथे त्याची संख्या आटोक्यात असते. नक्कल कितीही हुबेहूब केली तरी असं काहीतरी निसटतंच.

एप्रिल २०१६ मधल्या एका रात्री तिघं जण दारू पिऊन कुंपण ओलांडून आत घुसले. एकाने कुलपावर गोळ्या झाडल्या, एक जण थेट ओट्यावर उतरला, बियरचे कॅन आणि अंतर्वस्त्र मागे सोडून गेले. नंतर एक मासा मेलेला सापडला. कॅमेऱ्यांवरून आणि डीएनएवरून पोलिसांनी तिघांना शोधलं. पाण्यात उतरलेल्याला वर्षभराची कैद झाली. आता कळलं ना, ते कुंपण, ती तार कशासाठी?

कुंपणाला न जुमानणारी एक गोष्ट मात्र आहे. पृथ्वीच्या पोटाशी या डोहाची थेट लाइन आहे. १९ सप्टेंबर २०२२ रोजी मेक्सिकोत ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दोन हजारांहून जास्त किलोमीटरवरच्या या डोहात बावीस मिनिटांनी चार-चार फुटांच्या लाटा उसळल्या. ओट्यावरचं शेवाळ धुऊन गेलं. तरी मासे सावरले. २०२४ च्या वसंतात १९१ मोजले गेले, पंचवीस वर्षांतला वसंतातला सगळ्यात मोठा आकडा. सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. पण मग डिसेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ आणि २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा एकदा, असे दोन भूकंप झाले. लाटांनी ओटा साफ खरवडला. टाकीतले १९ मासे आणून डोहात सोडले गेले. २०२५ च्या वसंतातली गणती होती ३८.

पुढच्या वेगास ट्रिपमध्ये एक दिवस काढता आला तर गाडी पश्चिमेला वळवा. उन्हाळा टाळा, पाणी भरपूर न्या. डोह लांबच्या प्लॅटफॉर्मवरून बघावा लागतो, आणि एवढ्या अंतरावरून इंचभर मासा डोळ्यांना दिसणं अवघडच. त्याची निळी चुलत भावंडं मात्र अभयारण्यातल्या क्रिस्टल स्प्रिंग आणि पॉइंट ऑफ रॉक्सच्या लाकडी पायवाटांवरून पायाखालच्या स्वच्छ पाण्यात एकमेकांच्या मागे धावताना हमखास दिसतात, विशेषतः वसंतात.